गारपिटीच्या वर्षीचं कडं

त्या वर्षी आमच्या पोद्लिपी गावात कापणीच्या तोंडावर गारपीट झाली. दुपारचं आभाळ शिशासारखं काळं झालं आणि जेवणाची ताटं उचलायच्या आत उभा गहू आडवा झाला. मागोमाग पाऊस लागला. जे पडलं होतं ते जमिनीवरच कुजू लागलं, कुठे ओंबीतच मोड फुटले.

आमच्या चर्चखाली पाच गावं येतात. सुगी संपली की प्रत्येक गाव गव्हाच्या ओंब्यांचं कडं बांधून तिथे घेऊन जातं. माणसाएवढं उंच, चार कमानींचं, मुकुटासारखं. आशीर्वाद झाला की ते कडं घरी आणून त्याच्या ओंब्या चोळायच्या आणि ते दाणे शरदातल्या पेरणीच्या बियाण्यात मिसळायचे. पहिली मूठ त्या दाण्यांची असल्याशिवाय आमच्याकडे कुणी शेतात पाऊल टाकत नाही.

सरपंच झेनोननं लोकांना बोलावून सांगितलं की या वर्षी कडं न्यायचं नाही, मेणबत्ती लावून परत यायचं. वाटल्यास शेजारचं ब्झेझिना गाव गाडीभर पेंढ्या द्यायला तयार आहे, त्यांच्याकडे गारा पडल्या नव्हत्या. लोक मान खाली घालून ऐकत होते. स्वतः झेनोनचा सगळा गहू गेला होता, त्याला उलट बोलणार कोण?

बोलली ती गेनोवेफा. गाव तिला गेनिया म्हणतं. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरामागे दोन पट्टे जमीन आणि एक गाय. फार बोलणारी बाई नव्हे. पण तिनं एकदा नाही म्हटलं की नांगरसुद्धा वळसा घालून जाईल, असं आमच्याकडे म्हणत.

"मागून आणलेल्या ओंब्यांचं कडं करायचं आणि देवाला सांगायचं, हे आमचं?" ती म्हणाली. "मी नाही त्याला हात लावणार."

"मग काय चिखल बांधून न्यायचा?" झेनोन म्हणाला. "बियाणं बाजारातून आणू. ते काय उगवत नाही?"

"उगवेल की. पण त्यात आपलं काय?"

लोक पांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनिया पोतं आणि कात्री घेऊन निघाली. आधी स्वतःचे दोन पट्टे गुडघ्यांवर रांगत पालथे घातले. ओंजळभर ओंब्या मिळाल्या. मग कब्रस्तानाच्या भिंतीच्या आडोशाला, दगडांच्या ढिगाजवळ, जिथे जिथे गारांना वाट मिळाली नसेल तिथे तिथे ती शोधत गेली. चांगल्या ओंब्या होत्या त्या झेनोनच्या शेतात, रस्त्याकडेच्या जुन्या लिंडन झाडांखाली. त्या फांद्यांनी गारा वरच्या वर झेलल्या होत्या. आणि झेनोन तेच शेत नांगरायला ट्रॅक्टर घेऊन आला होता.

गेनिया ट्रॅक्टरच्या वाटेत उभी राहिली. तो ट्रॅक्टर अगदी जवळ आणून थांबला.

"बाजूला व्हा, गेनियाबाई. मेलेल्या पिकाची आणखी शोभा नको."

"मेलंय ना? मग तुला घाई कसली? संध्याकाळपर्यंत थांब."

"आणि नाही थांबलो तर?"

"तर मला घालून नांगर. तेवढंच खत."

रस्त्यावरून दूध घेऊन जाणाऱ्या तेक्लाला हसू आवरेना. झेनोननं तिच्याकडे रागानं पाहिलं, ट्रॅक्टर बंद केला आणि तो तिथेच सोडून पायी घरी गेला. दुपारी तेक्ला स्वतःची कात्री घेऊन आली. ती आली म्हणून आणखी दोघी आल्या. अंधार पडायच्या आत झाडांखालचा सगळा पट्टा वेचून झाला होता.

कडं बांधायला त्या गेनियाच्या स्वयंपाकघरात बसल्या. पण वेचलेल्या काड्या वीतभरच्या, मोडक्या. त्यांच्या कमानी कशा उभ्या राहायच्या? दोनदा बांधून पाहिलं, दोनदा ढासळलं. तेक्ला म्हणाली, जाऊ दे, देवालाही कळतं. गेनिया उठली, ओढ्याकाठून वाळुंजीच्या लवचिक फांद्या तोडून आणल्या आणि त्यांचा एक आडवा गोल वळला, गाडीच्या चाकाएवढा. त्यावर ओंब्यांच्या छोट्या छोट्या जुड्या, एकीच्या देठावर दुसरीचं डोकं, अशा दोऱ्यानं आवळत ती पुढे पुढे सरकू लागली. संधिवातानं तिची बोटं वाकडी झालेली. गाठ मारताना ती दोरा दातात धरायची. दुसऱ्या कुणी हात पुढे केला तर म्हणायची, तू जुड्या लाव, गाठ मी मारते.

अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर ओंब्या संपल्या.

गेनियानं उरलेल्या उघड्या फांदीवरून हात फिरवला, टोपली उचलली आणि बाहेर गेली. आली तेव्हा टोपलीत रानगुलाबाची लाल फळं होती, हिरव्या टोपीतले रानातले हेझलनट, ओकची तांबूस पडलेली पानं, कुंपणावरची सुकी जांभळी फुलं.

"हे चर्चमध्ये न्यायचं?" तेक्ला म्हणाली. "अगं, लोक हसतील."

"हसू देत. त्यांच्या शेतात गारा पडल्या नव्हत्या. या शरदात आपल्या शिवारात जे उरलं ते हे. त्यात लाज कसली?"

आणि लोक हसलेही. चार गावांचे उंच मुकुट रिबिनी फडकावत पुढे गेले. त्यांच्यामागून आमच्या चौघी ते चपटं कडं ताटासारखं धरून निघाल्या. ब्झेझिनाचं कुणीतरी म्हणालं, पोद्लिपीवाल्यांचा मुकुट बसला वाटतं. गेनियानं मान वळवली नाही. फादरनं मात्र आमच्या कड्यापाशी जरा जास्त वेळ घेतला, कडं नीट निरखलं, आणि पवित्र पाणी शिंपडताना विचारलं, गहू कुठला? ती म्हणाली, आमचाच. झेनोन येणार नाही म्हणाला होता. तो मागच्या बाकाजवळ टोपी हातात घेऊन उभा होता.

पेरणीच्या आधी गेनियानं अंगणात चादर अंथरून ओंब्या चोळल्या. एक वाडगं भरलं, तेही पुरतं नाही. घराघरातून माणसं आली आणि चिमूटभर दाणे घेऊन गेली. मूठ देण्याइतके नव्हतेच. झेनोन सगळ्यांच्या शेवटी आला आणि फाटकाशीच थांबला.

"माझ्यासाठी उरलेत का?"

"आत ये आधी. फाटकावर मी गाईलाही चारा देत नाही."

तो आत आला. तिनं त्याच्या तळहातावर इतरांएवढेच दाणे मोजूनमापून ठेवले, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. त्याने मूठ मिटली आणि विचारलं की तिचे दोन पट्टे कोण नांगरणार आहे. ती म्हणाली, अजून कुणी नाही.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला.

"लवकर ये. दूध काढून झालं की मी मोकळीच असते."

तो आला, आणि दोन्ही पट्टे नांगरून गेला. पेरणी मात्र तिनं त्याच्या यंत्रानं करू दिली नाही. कड्याचे दाणे मिसळलेलं बियाणं चादरीत घेऊन, ती कमरेला बांधून ती शेतात उतरली आणि हातानंच बी फेकत शेवटच्या बांधापर्यंत गेली.