कढीच्या रंगाची विहीर

विहिरीतला गाळ आम्ही दर उन्हाळ्यात काढतो, पण विहिरीवरचे किस्से कुणी काढत नाही. ते साठतच जातात. शेवटी मीच काढायला बसले. मी चौथी पास आहे. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी आधी आमचं पाणी पिऊन दाखवावं.

पिंपरीकडं कारखाने उभे राहायला लागले, त्यांना खडी लागली, म्हणून आमच्या मोशीच्या माळावर दगडाची खाण सुरू झाली. वर सुरुंग उडाला की दुसऱ्या दिवशी खाली आमच्या घागरीत पांढरं पाणी. पोरांची पोटं बिघडली तेव्हा वीस घरांनी अर्ज केला. हुकूम आला, की पुण्याचे साहेब पाणी तपासतील. खाणीनं बिघडवलंय असं ठरलं तर खाणीनं वरच्या अंगाला नवी विहीर बांधून द्यायची. नाही ठरलं, तर हेच पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं.

*

साहेब आले सायकलवर. कॅरिअरला पेटी, पेटीत काळ्या काचेच्या बाटल्या. बुचावर कागद, कागदावर दोरा. माझी धाकटी जाऊ गंगू म्हणाली, "आक्का, बाटलीनं पदर घेतलाय." तेव्हापासून ते बाटलीसाहेब.

पहिला रिपोर्ट आला: पाणी उत्तम, पिण्यास योग्य. मी डोक्याला हात लावला. मग कळलं, की साहेब येणार म्हणून गंगूनं आणि बायकांनी आदल्या दिवशी तुरटीचे खडे फडक्यात बांधून विहिरीत फिरवले होते. सगळा गाळ तळाला.

"पाव्हना येनार," गंगू म्हणाली. "त्याच्याम्होरं असलं घाण पानी ठिवायचं व्हय? गावाला अब्रू हाय का न्हाई?"

"अगं भवाने, त्यो घाणच बघायला आला व्हता."

"मग तसं आधी सांगायचं. आमी रांगोळी बी काढली व्हती."

*

आम्ही पुन्हा अर्ज केला, तेव्हा साहेबांनी दर महिन्याला यायचं ठरलं. मधल्या दिवसांची नोंद ठेवायला त्यांनी एक वही दिली. लिहिता येणारी बाई मी एकटी, म्हणून वही माझ्याकडं. आत रकाने आखलेले: रंग, वास, चव. मी भरले. रंग – फोडणी न घातलेल्या कढीचा. वास – सुरुंगाच्या दारूचा. चव – खाणीच्या मॅनेजरला विचारा, घागर मी पोचवते.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "बाई, इथं एका शब्दात लिहायचं असतं."

"मग 'वाईट' लिवा. पन कढी खोडू नका."

त्यांनी खोडली नाही. माणूस चांगला होता.

*

एकदा खुद्द मॅनेजर विहिरीवर आला. डोक्यावर हॅट, पायात बूट. म्हणाला, "तुम्ही बायका इथं धुणी धुता, म्हणून पाणी पांढरं होतं."

मी म्हटलं, "साहेब, आमच्या लुगड्यांत एक बी पांढरं न्हाई. पांढरा शर्ट सगळ्या गावात तुमच्याच अंगावर हाय."

बायका फिदीफिदी हसल्या. त्याला झोंबलं.

"माझ्या बंगल्याची विहीर तर खाणीला चिकटून आहे," तो म्हणाला. "तिचं पाणी मी रोज पितो. आरशासारखं असतं."

हे मात्र मला दोन दिवस डाचलं.

*

तिसऱ्या दिवशी चाकणच्या बाजारात मॅनेजरची बायको भेटली. साधी बाई, साताऱ्याकडची. पिशवीभर तुरटी घेत होती.

"एवढी तुरटी?" मी म्हटलं. "साहेब दिवसातनं दाढी करत्यात तरी किती येळा?"

"दाढीला कुठली, आक्का. माठात फिरवल्याशिवाय आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे ताकच. ह्यांना नका सांगू. ह्यांना वाटतं, आपल्या विहिरीला देवानंच वेगळं पाणी दिलंय. खोटं म्हटलं की जेवत नाहीत."

"न्हाई सांगत," मी म्हटलं. आणि नाही सांगितलं.

*

दर महिन्याचा रिपोर्ट एकदा बरा, एकदा वाईट; म्हणून शेवटच्या बाटलीवर सगळं ठरणार होतं. मॅनेजर वस्ताद. त्यानं आधी आठ दिवस सुरुंगच बंद ठेवले. आमचं पाणी निवळलं. साहेबांनी तेच बाटलीत भरलं. नवी विहीर गेली.

त्यात साहेबांची सायकल पंक्चर. सडकेपर्यंत पेटी मी डोक्यावर घेतली. वाटेत मॅनेजरनं त्यांना बंगल्यावर चहाला ओढलं. पेटी ओसरीवर ठेवून मी मागं पाय धुवायला गेले, तर मॅनेजर मागच्या दारानं बाहेर. हातात आमची बाटली. मी केळीआड होते. आठ दिवस सुरुंग बंद ठेवूनही त्याच्या जिवाला भरवसा नव्हता. म्हाताऱ्या माळ्याला म्हणाला, "हे ओत, आणि आपल्या विहिरीचं भरून, कागद-दोरा होता तसा बांधून ठेव." आणि आत गेला, साहेबांना बिस्किटं द्यायला.

माळ्यानं पोहरा वर काढला. आतलं ताकासारखं पाणी बघून थबकला; खाणीला चिकटलेली विहीर आठ दिवसांत कुठली निवळायला. मग केळीआड मी दिसले.

मी म्हटलं, "थांबलासा का मामा? गळ्यापातूर भरा."

पंधरा दिवसांनी बंगल्याच्या ओसरीवर सगळ्यांसमोर साहेबांनी रिपोर्ट वाचला. पाण्यात खाणीच्या दगडाची भुकटी, पाणी दूषित, पिण्यास अयोग्य. नवी विहीर खाणीनं बांधून द्यावी.

मॅनेजर ताडकन उठला. "शक्यच नाही. ते पाणी त्या विहिरीचं नव्हतंच."

साहेब म्हणाले, "मग कुठल्या विहिरीचं?"

तेवढ्यात मॅनेजरची बायको बाहेर आली आणि नवऱ्यापुढं पाण्याचा पेला धरला. आरशासारखं पाणी. त्यानं पेल्याकडं बघितलं, मग बायकोकडं, मग माझ्याकडं, आणि पेला तसाच खाली ठेवला.