पिरॅमिडकाकांचा स्लॅब

कुठल्याही मोठ्या इमारतीसमोर उभं केलं की पिरॅमिडकाका एकच प्रश्न विचारायचे, "हे उचललं कुणी?" बांधलं कुणी असं नाही, कारण त्याचं उत्तर पाटीवर लिहिलेलं असतं. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या एका बँकेच्या दारावर ट्रकाएवढी दगडी तुळई होती. तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी तिथल्या सिक्युरिटी गार्डलाच तो प्रश्न इंग्रजीत विचारला. गार्ड म्हणाला, मी इथे फक्त नोकरी करतो, सर. काका खूश. मला म्हणाले, "बघ, सरळ माणूस. राजे असं कधी बोलत नाहीत. एक वीट न उचलता म्हणतात, मी बांधलं."

मी तेव्हा ॲन आर्बरला शिकत होते, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात कुठल्या ना कुठल्या मोर्चासाठी पत्रकं लिहीत होते, झेरॉक्स काढत होते आणि वाटत होते. काका आमच्या मराठी मंडळातले. पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, देश सोडून वीस वर्षं झालेली. त्यांचं खरं आडनाव मंडळाच्या डिरेक्टरीतच काय ते असे. सगळ्यांसाठी ते पिरॅमिडकाका. गंमत म्हणजे ते इजिप्तला कधीच गेले नव्हते. दर सुट्टीला तिकीट भारताचंच निघायचं. कुणी चिडवलं तर म्हणत, "जाणारे फोटो काढत बसतात. वाचायला वेळ मिळतो तो न जाणाऱ्याला."

त्यांच्या घरी जेवायला गेलं की आधी रव्याचा प्रयोग बघावा लागे. परातीत कोरडा रवा पसरायचा, त्यावर वरणाची भरलेली वाटी ठेवायची आणि दोऱ्याने ओढायची. वाटीसमोर रव्याचा ढीग साचतो, वाटी अडते. मग रवा पाण्याचा हात लावून ओलसर करायचा. आता वाटी सरकन पुढे. इजिप्तमधल्या एका थडग्यात भिंतीवर चित्र आहे म्हणे. राजाच्या एका सरदाराचा प्रचंड पुतळा घसरगाडीवर चढवलाय, माणसं चार रांगांत दोर ओढताहेत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. "लोक म्हणतात, हा धार्मिक विधी. कसला विधी! पाणी कमी पडलं तर वाळू अडवते, जास्त झालं तर चिखल. त्या माणसाचा हात बघ. तो खरा इंजिनिअर."

"आणि हा उपम्याचा रवा होता," आतून काकू.

"अगं, मग ओलाच कर ना उपमा!"

"फॅरोच्या बायकोला विचारा, ती कशी निभवायची."

त्याच चित्रात पुतळ्याच्या गुडघ्यावर चढून एक माणूस टाळ्या वाजवतो, ओढणाऱ्यांना ताल देण्यासाठी. हे मला कळलं ते जानेवारीतल्या एका दुपारी. मंडळाच्या कार्यक्रमानंतर काकांची गाडी बर्फात रुतली होती आणि आम्ही चौघं विद्यार्थी ती ढकलत होतो, प्रत्येक जण आपापल्या वेळेला. काका बाजूच्या बर्फाच्या ढिगावर चढले, हातमोजे काढले आणि टाळ्या वाजवायला लागले. "टाळीवर, टाळीवर! मध्ये कुणी शहाणपणा करायचा नाही!" चौथ्या टाळीला गाडी बाहेर. आमच्यातला एक धापा टाकत म्हणाला, "काका, यार, तुम्ही पण ढकललं असतं तर पहिल्याच टाळीला निघाली असती." काका म्हणाले, "बरोबर आहे. त्या गुडघ्यावरच्यालाही हे कुणीतरी बोललं असणार."

माझं आणि त्यांचं खरं जमलं ते भांडणातून. मेच्या एक तारखेला मंडळाचा महाराष्ट्र दिन होता. हाच दिवस कामगारांचाही आहे याची तिथे कुणालाच आठवण नव्हती, म्हणून मी पत्रक लिहिलं आणि प्रत्येक ताटाशेजारी, श्रीखंडाच्या वाटीखाली दाबून ठेवलं. पहिलंच वाक्य होतं : "पिरॅमिड बांधले ते चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांनी, आणि आजही आपण सगळे गुलामच आहोत." काका खूश होतील अशी माझी खात्री. लोकांनी त्या कागदाला हात पुसले. काकांनी मात्र तो शेवटपर्यंत वाचला, खिशातून पेन्सिल काढली आणि 'गुलाम' दोन्हीकडे खोडला.

"हे काय?" मी म्हटलं.

"चुकीचं आहे ते. वेठ लिही."

"काका, शब्दाशब्दाचा कीस काय पाडताय? जुलूम तो जुलूम."

"बैस, पत्रकवाली. नाईलला पूर आला की शेतं पाण्याखाली जायची. तेव्हा गावोगावच्या माणसांना पाळीने बोलवायचे. भाकरी मिळायची, बियर मिळायची. त्यांच्या टोळ्यांना नावं होती, राजाचे मित्र, राजाचे दारुडे. दगडांवर तांबड्या रंगात लिहून ठेवलीत त्यांनी. गुलाम असं लिहीत नाही. पण बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नाही. याला आपल्याकडे काय म्हणतात? इंग्रजीत लोकांच्या तोंडी याला शब्दच नाही, म्हणून ते बिचारे गुलाम म्हणतात. तुझ्याकडे आहे ना शब्द?"

मी म्हटलं, पण 'गुलाम' जास्त भिडतो. त्यांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "या देशात तो शब्द ज्यांच्या आजी-पणजीच्या पाठीवर आहे, त्यांना राहू दे. तू श्रीखंड खात गुलाम कशी? आणि दुसरं म्हणजे, गुलाम म्हटलं की वाचणारा सुटतो. त्याला वाटतं, ते कुणी वेगळे. वेठ म्हटलं की त्याला आपला बॉस आठवतो."

त्यांचे वडील पाथरवट होते, दक्षिणेकडच्या एका संस्थानातल्या खेड्यात. राजवाड्याच्या पायऱ्यांसाठी त्यांना ऐन सुगीत उचलून नेत. परत आले की दोन दिवस कुणाशी बोलत नसत. काका हे सगळं, तुळईवर किती भार येतो ते सांगावं तसं, सांगत होते. मला आपली पत्रकभर उद्गारचिन्हं आठवत होती.

पुढे त्यांनी मला एक गोष्ट दिली, जी मी आजवर निदान दहा पत्रकांत वापरली आहे. तीनेक हजार वर्षांपूर्वी राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचं धान्य थकलं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली, चालत गेले आणि एका देवळामागे बसले. भुकेने आणि तहानेने आम्हाला इथे आणलंय, असं सांगितलं. एका लेखनिकाने ते लिहून ठेवलं. लेखी पुरावा असलेला जगातला पहिला संप. "ना घोषणा, ना दगडफेक," काका म्हणाले. "नुसते बसले. पत्रकसुद्धा नाही हं." हा टोमणा माझ्यासाठी.

त्याच वर्षी मंडळाने स्वतःचा हॉल बांधायला घेतला. खाली मोठा हॉल, वर रविवारच्या मराठी शाळेच्या खोल्या, मध्ये काँक्रीटचा स्लॅब. इंजिनिअरचं काम काका हौसेने, फुकट करत होते. इकडची तिकडची परवानगी मिळवत पाया आणि भिंती होईपर्यंत नोव्हेंबर उजाडला, स्लॅब ओतायला उशीर झाला आणि त्या वर्षी थंडी लवकर आली. उद्घाटन संक्रांतीला ठरलेलं. मुंबईहून गायक येणार होते, पत्रिका छापून झाल्या होत्या. कमिटीला सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी काढून हवं होतं. त्याशिवाय खाली फरशी आणि रंग होईना. काका म्हणाले, आणखी दोन आठवडे थांबा, त्याआधी मी सही करणार नाही. "थंडीत काँक्रीट झोपतं. वरून उठलेलं दिसतं, पण आत झोपलेलं असतं."

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात, जिथे मंडळ तोवर भाड्याने जमायचं, मीटिंग झाली. अध्यक्ष होते डॉक्टर. हृदयाचे मोठे डॉक्टर, वागायला चांगले, मला थँक्सगिव्हिंगला घरी बोलावणारे.

"कॉन्ट्रॅक्टर म्हणतो चालेल," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही एकटे म्हणता चालणार नाही. तुमच्या एका सहीसाठी तुम्ही अख्ख्या समाजाला वेठीस धरलंय, असं नाही वाटत?"

काका कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. पण खुर्चीतून उठले.

"डॉक्टर, तुम्ही शब्द उलटा वापरताय. तुमची पत्रिका बदलावी लागेल, ही वेठ नाही. उद्या सकाळी चार माणसं त्या स्लॅबखाली जाऊन टेकू ठोकून काढणार. त्यांना नाही म्हणायची सोय नाही. धरलंय ते त्यांना, आणि धरलंय आपण. त्यांतल्या एकाचं तरी नाव इथे कुणाला माहीत आहे?"

कुणाला नव्हतं. मलाही नव्हतं, हे आधी लिहिते, कारण सहा महिने मी त्या साइटवरून जात-येत कामगारांच्या हक्कांबद्दल बोलत होते.

"पिरॅमिडचं लेक्चर नको आत्ता, प्लीज," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. ठराव पास झाला : काम कॉन्ट्रॅक्टरच्या भरवशावर उद्याच होणार, काकांचे आभार, यापुढे त्यांनी त्रास घेऊ नये.

बाहेर पार्किंगमध्ये मी पेटलेच होते. म्हटलं, आत्ता जाते, पत्रक लिहिते, उद्या सकाळी प्रत्येकाच्या दारात टाकते.

"कुणासाठी?"

"लोकांना कळायला नको?"

"उद्या स्लॅबखाली लोक नाहीत जाणार. जे जाणार त्यांना सांगू. सातला तयार राहा. ती माणसं स्पॅनिश बोलतात. तुला येतं ना थोडं?"

शनिवारी सातला कडाक्याची थंडी होती. चौघं जण पिंपात लाकडं पेटवून शेकत होते. काकांनी आधी प्रत्येकाशी हात मिळवला, नाव विचारलं, आपलं खरं नाव सांगितलं. मग एका फळीवर पेन्सिलीने स्लॅब काढला, टेकू काढले आणि साधं सांगितलं : पडेलच असं मी म्हणत नाही. पडणार नाही असंही मला म्हणता येत नाही. मी असतो तर खाली गेलो नसतो. मी ते मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. एक उद्गारचिन्ह घालावंसं वाटलं, घातलं नाही. त्यांतला वयाने मोठा, रामोन, फळीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हातोडा खाली ठेवला आणि पिंपाजवळ उलट्या बादलीवर बसला. बाकीचे तिघंही बसले. कॉन्ट्रॅक्टर आला, ओरडला, डॉक्टरांना फोन करायला गेला. चौघं बसूनच. काकाही त्यांच्याशेजारी बसले, त्यांच्या थर्मासमधली कॉफी पीत. कॉन्ट्रॅक्टरला दुसरी माणसं मिळेपर्यंत दोन आठवडे निघून गेले. संक्रांतीचं उद्घाटन कॅन्सल झालं.

आता इथे मला लिहायला आवडलं असतं की स्लॅब ओतताना बाजूला काढलेले काँक्रीटचे नमुने तपासले आणि काका खरे ठरले. तसं झालं नाही. दोन आठवड्यांनी लॅबमध्ये नमुने फोडले तेव्हा काँक्रीट पुरेसं पक्कं होतं; त्या शनिवारी किती होतं, ते कळायला मार्ग नव्हता. लगेच लोक म्हणाले, बघा, उगाच अडवलं. काका मला म्हणाले, "पडला असता हे सिद्ध करायला पाडावा लागतो. मला नाही करायचं सिद्ध."

गुढीपाडव्याला हॉल उघडला. दारातल्या पाटीवर कमिटीची नावं आहेत, काकांचं नाही. त्यांना येणारे फोन कमी झाले, रविवारी घरी जेवायला येणारेही. कुणी भांडलं नाही, कुणी अपमान केला नाही. नुसतं बोलावणं बंद. मी चिडून बोलायला लागले की ते विषय बदलत. एकदाच म्हणाले, "रविवार मोठा झालाय गं." मला ते ऐकून जे वाटलं ते मी कुठल्याच पत्रकात लिहू शकलेले नाही.

गेल्या फेब्रुवारीत काका गेले. ऑफिसमध्ये, टेबलापाशी. मंडळाने शोकसभा घेतली ती त्याच हॉलमध्ये. दोनेकशे माणसं आली, फोनही न करणारी सगळी. वरच्या मजल्यावर मुलांना खेळायला सोडलं होतं, त्यांच्या धावण्याचा धडधड आवाज येत होता. डॉक्टर बोलले. चांगलं बोलले. रव्याचा प्रयोग सांगितला, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. या हॉलसाठी त्यांनी फार कष्ट घेतले, असं म्हणाले. त्या शनिवारबद्दल एक शब्द नाही.

मी उठले. काय बोलायचं ते माझ्याकडे तयार होतं, मुद्दे पाठ होते. शेजारी बसलेल्या काकूंनी माझा हात धरला आणि खाली ओढला.

"बैस."

"काकू, पण यांनी..."

"बैस म्हटलं ना. दोनशे माणसं बसलीयेत, वर पोरं नाचताहेत, आणि एकालाही वर बघावंसं वाटत नाहीये. इंजिनिअरला आणखी काय लागतं?"

मी बसले.