डावीकडे पाहणारी बाई

जयवंता बिदरकर हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. वडील भगवंतराव कोर्टात भाषांतरकार होते. ते लवकर गेले. जयवंताबाईंनी टायपिंग शिकून घेतलं आणि शहरातल्या एका स्टुडिओत तेलुगू पटकथा टाइप करायला लागल्या. एकदा शूटिंगवर त्यांच्या लक्षात आलं, की नायिकेच्या बांगड्या सकाळी सहा होत्या आणि दुपारी चार झाल्या. त्यांनी ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे कंटिन्युइटीचं काम आलं.

सिनेमा सरळ क्रमाने काढत नाहीत. दारातून आत येणं आज, तर आत आल्यावरचं बोलणं महिन्याने. मधल्या काळात शर्टाचं कोणतं बटण उघडं होतं, पेला कोणत्या हातात होता, हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. जयवंताबाई कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर बसून वहीत ते लिहायच्या, फोटो चिकटवायच्या. पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलं. लग्न राहून गेलं. घरी त्या आणि आई सुशीलाबाई, एवढीच माणसं.

दोन हजार पाच साली सूर्यम नावाच्या दिग्दर्शकाने कालयंत्राचा सिनेमा काढला. त्यातला नायक यंत्रात बसून एकोणीसशे छप्पनच्या हैदराबादेत जातो. त्या साली झालेल्या लग्नाने आजीला फार सोसावं लागलं, म्हणून तो ते मोडायला निघतो. लग्न मोडलं तर आपण जन्मालाच येणार नाही, हे त्याच्या ऐन मांडवात लक्षात येतं. मांडवाच्या गर्दीत सूर्यमला एक नऊवारीतली वयस्कर बाई हवी होती. ठरलेली बाई आलीच नाही.

"अक्का, तुमच्या आई येतील का?" त्याने विचारलं.

सुशीलाबाई हिरवं नऊवारी लुगडं नेसून रिक्षाने आल्या. एकाहत्तर वर्षांच्या होत्या. सेटवर फिरून बघत म्हणाल्या, "छप्पन साली आमच्याकडे मांडवात असल्या खुर्च्या कुठं होत्या गं? सतरंज्या होत्या." सूर्यमने खुर्च्या काढायला लावल्या.

त्यांना एवढंच करायचं होतं, नवरीकडे बघून अक्षता टाकायच्या. पण कॅमेरा सुरू झाला आणि अक्षता टाकता टाकता त्यांनी डावीकडे मान वळवली. पण समोर नायकाचं काम उत्तम झालं होतं, म्हणून सूर्यमने तो शॉट तसाच ठेवला. जयवंताबाईंनी वहीत लिहिलं, 'मागच्या रांगेतली बाई डावीकडे पाहते. चूक.'

"मागचं कोण बघणार आहे?" सूर्यम हसला.

घरी आल्यावर जयवंताबाई आईला जरा चिडूनच म्हणाल्या, "तिकडे कशाला बघितलंस?"

"तू जेवली नव्हतीस. डबा तुझ्या पायाशी तसाच होता. दिसलीस, बघितलं. त्यात काय झालं?"

चार वर्षांनी सुशीलाबाई गेल्या. जयवंताबाई मग कामावरून आल्या की आधी रेडिओ लावायच्या आणि मग चप्पल काढायच्या.

दोन हजार तेरामध्ये सूर्यमने त्यांना ऑफिसात बोलावलं. त्या सिनेमाचा दुसरा भाग निघणार होता.

"अक्का, ती डावीकडे बघणारी बाई लोकांनी पकडली," तो उत्साहाने म्हणाला. "इंटरनेटवर आठ वर्षं वाद चाललाय, ती कुणाकडे बघते म्हणून. त्यावरच मी गोष्ट रचलीय. नायक त्याच मांडवात दुसऱ्यांदा जातो. पहिला नायक पुढं गोंधळ घालतोय, आणि त्याला आवरायला आलेला दुसरा डाव्या बाजूला लपलाय. ती बाई त्यालाच बघते!"

जयवंताबाईंनी थोडा विचार केला. "दुसरा तिथं होता, तर पहिल्या भागात का दिसला नाही?"

"तो होताच. आपण कॅमेरा तिकडे फिरवला नव्हता, एवढंच."

"सर, तिथं मी बसले होते."

सूर्यम मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला.

तो सबंध मांडव पुन्हा उभा करायचा होता, अगदी तसाच. त्यातलं काय कुठं होतं, हे फक्त जयवंताबाईंच्या वहीला ठाऊक. केळीचे खांब किती, समईच्या वाती किती, भटजींच्या उपरण्याचा काठ कुठल्या खांद्यावर, सगळं त्या एकेका फोटोवरून सांगत गेल्या. दिवस वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनाचे होते. बंद पुकारला की शूटिंग थांबे. युनिटमधले आंध्रकडचे आणि तेलंगणातले लोक पूर्वी एका पंगतीला जेवत, ते आता वेगवेगळ्या झाडांखाली बसायला लागले होते. कुणी जयवंताबाईंना विचारलं, "अक्का, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" तर त्या म्हणत, "मी मराठी." मग विचारणारा मान डोलावून आपल्या झाडाकडे जाई. त्या पायरीवर बसून एकट्याच डबा खात.

अडचण आली ती मागच्या रांगेतल्या बाईची. आता कॅमेरा उलट बाजूला लागणार होता, त्यामुळे जुनी फिल्म उपयोगाची नव्हती. चार बायका आणून पाहिल्या. कुणाला नऊवारी नीट नेसता येईना, कुणाची मान तशी वळेना. सूर्यम मॉनिटरवर जुना शॉट पुन्हा पुन्हा बघत होता. एकदम त्याने पडद्यावरून नजर काढून जयवंताबाईंकडे पाहिलं.

"नको, सर," त्या विचारण्याआधीच म्हणाल्या.

"अक्का, तीच हनुवटी आहे. मेकअपवाले वय वाढवतील."

त्यांनी दोन दिवस मागून घेतले. आईची पेटी चार वर्षं उघडली नव्हती. ते हिरवं लुगडं वर काढून दोरीवर वारं घ्यायला टाकलं. आरशासमोर नेसून बघितलं तर निऱ्या जमेनात. आईकडून शिकायचं राहूनच गेलं होतं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सावित्रीबाईंना हाक मारली. त्यांनी काही न विचारता नेसवून दिलं.

शॉटच्या दिवशी पांढरे केस लावून, मुठीत अक्षता धरून जयवंताबाई मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. रिहर्सलला नायक नव्हता. मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांनी अक्षता टाकल्या आणि डावीकडे मान वळवली. तिथे त्यांचं स्टूल होतं. त्यावर वही होती, पायाशी डबा होता. स्टुलावर कुणी नव्हतं. त्या स्वतः तर इथं उभ्या होत्या.

"कट!" सूर्यम ओरडला. "अक्का, नजर खाली जातेय. हिरो सहा फूट उंच आहे. वर बघा."

जयवंताबाई जागेवरून हलल्या नाहीत. "पहिल्या भागात नजर खालीच आहे, सर. जुना शॉट बघा."

सूर्यमने शॉट लावला. थांबवला. मागे नेऊन पुन्हा लावला. नजर खालीच होती. उभ्या माणसाकडे पाहणारी ती नजर नव्हतीच.

"मग काय करायचं?" सूर्यम डोकं खाजवत म्हणाला. "आता नजर वर गेली तर लोक आपल्याला सोडणार नाहीत."

"त्याला बसवा," जयवंताबाई म्हणाल्या. "लपलाय ना तो? मग बसलेला चालेल."

स्टूल बाजूला केलं. तिथे पाण्याचं मोठं घंगाळ ठेवलं, त्याच्या आड नायक उकिडवा बसला. खोटी दाढी लावलेला, घामाघूम झालेला तो भला मुलगा जयवंताबाईंकडे बघून हळूच हसला. शॉट एका टेकमध्ये झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जयवंताबाईंना आत कुठेतरी वाटलं होतं, की आईच्या जागी उभं राहिल्यावर आईला काय दिसलं ते आपल्याला दिसेल. दिसला तो घंगाळाआडचा माणूस. त्या मेकअप रूममध्ये जाऊन बसल्या आणि लुगडं सोडायला त्यांना बराच वेळ लागला.

सिनेमा लागला तोवर एका राज्याची दोन झाली होती. जयवंताबाई दिलसुखनगरच्या थिएटरात दुपारच्या खेळाला एकट्याच गेल्या. मांडवाचा प्रसंग आला. आधी जुना शॉट दाखवला, आई वळून बघते तो. लगेच कॅमेरा पलीकडून. आता जयवंताबाई, आणि त्यांच्या नजरेपुढे घंगाळाआडचा नायक. थिएटरात शिट्ट्या वाजल्या.

"बघ, मी म्हणत होतो ना!" मागच्या खुर्चीतला कुणीतरी तेलुगूत म्हणाला. "ती ह्यालाच बघत होती. पहिल्यापासून!"

जयवंताबाईंनी मागे वळायचं मनात आणलं, पण वळल्या नाहीत. शेजारी साधारण त्यांच्याच वयाची एक बाई बसली होती. तिच्याकडे झुकून त्या हलकेच म्हणाल्या, "ती माझी आई."

"कोण, नवरी?"

"नाही. मागची."

"हो का?" ती बाई कौतुकाने म्हणाली. "छान काम केलंय. दोन्ही वेळा अगदी सारखं वाटतं. अजून करतात का कामं?"

"नाही," जयवंताबाई म्हणाल्या. "आता नाही करत."

सिनेमा संपला. पडद्यावर नावं चढायला लागली. कंटिन्युइटीचं नाव बरंच खाली असतं, म्हणून जयवंताबाई बसून राहिल्या. पण चार ओळी झाल्या न झाल्या तोच ऑपरेटरने यंत्र बंद केलं, दिवे लागले आणि पुढच्या खेळासाठी झाडणारे लोक आत आले. जयवंताबाईंनी पाय वर घेऊन त्यांना खुर्चीखालचं झाडू दिलं. मग पिशवी उचलली आणि घराकडे जाणाऱ्या कोठीच्या बसची वाट बघत त्या उन्हात उभ्या राहिल्या.