मुखवट्याच्या आत कोण निघालं?

माझी उजवीकडची अर्धी मिशी संयुक्त महाराष्ट्राच्या कामी आली. (डावीकडची मी नंतर स्वखुशीने दिली.)

परळच्या आमच्या चाळीने संध्याकाळच्या मोर्चात द्वैभाषिक राज्याचा राक्षस नाचवायचं ठरवलं होतं. राक्षस मी! शेजारचे पीटरमास्तर शाळेतून निवृत्त होऊन शब्दकोशात राहायला गेले होते. ते सहज म्हणाले, "मास्क शोभेल हां तुला!"

"मुखवटा म्हणा, मास्तर! मोर्चा मराठीचा आहे!"

"म्हणतो बाबा. पण मास्क काय साहेबाचा एकट्याचा नाय. काही पंडित त्याचं मूळ अरबी सांगतात. मस्खरा, म्हणजे विदूषक. तुझी मस्करी पण त्याच घरातली."

"मस्करी आमचीच!" मी गरजलो. "आणि मुखवटा मुखावरून आलाय. म्हणून तो मुखावरच घडवणार!"

हा निष्कर्ष मी कसा काढला, ते आजही सांगता येत नाही. (त्या दिवसांत सगळे निष्कर्ष ओरडूनच काढत.) मी गॅलरीत चटईवर आडवा झालो. बायको, सुशीला, खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे घेऊन बसली. खळ गिरणीतली, सुताला लावायची!

"अहो, आधी तोंडाला खोबरेल चोपडते."

"अजिबात नको! घसरेल. मराठी माणूस घसरत नाही!"

तिने सगळं तोंड लिंपलं. नाकपुड्या तेवढ्या उघड्या ठेवल्या. डोळ्यांची भोकं मुखवटा काढल्यावर पाडायची होती. उन्हात मुखवटा खडखडीत वाळला आणि निघेना! कपाळ सुटलं, गाल सुटले, उजवी मिशी काही सुटेना.

"मधोमध कापू या काय?" मास्तर म्हणाले.

मोर्चा निघायची वेळ झाली होती, दुसरा मुखवटा होणं शक्य नव्हतं. चाळीचा राक्षस माझ्या हट्टापायी घरी राहणार? मी आतून ओरडलो, "मुखवट्याला हात लावू नका!" बाहेर नुसतं "मूं मूं" गेलं.

"काय म्हणतो हा?"

"मिशी कापा म्हणतात," सुशीलाने बेधडक सांगितलं आणि कडेने कात्री आत सरकवली.

राक्षस त्या संध्याकाळी भाव खाऊन गेला! 'झालाच पाहिजे'च्या आरोळीत मी असा नाचलो की पोरं माझ्या मागून हटेनात. घरी येऊन आरशासमोर मुखवटा उतरवला. अर्धी मिशी त्याला आतून, अर्धी मला बाहेरून.

दारात मास्तर उभे. "काय रे, अजून मराठीच म्हणतोस?"

"मुखवटा मराठीच, मास्तर!" मी ठणकावलं. "तुमचा अरबी विदूषक त्याच्या आत निघाला!"