नानांच्या मैदानावरची नॉकआउट

माझ्या स्कूटरच्या डिकीत टीमची कागदपत्रं असतात, एक शिट्टी असते, अर्धवट वापरलेलं क्रेप बँडेज असतं आणि किस्से असतात. पहिल्या तीन गोष्टी हव्या तेव्हा कधीच सापडत नाहीत. किस्से मात्र न मागता बाहेर पडतात!

पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी चार रिटायर्ड मंडळी बसतात. कुणी आपलं ब्लडप्रेशर सांगतं, कुणी आपली सून सांगतं. मी फुटबॉल सांगतो. एक किस्सा सांगायला घेतला की त्याचं बोट धरून दुसरा येतो, आणि जेवायला बोलवायला आलेली बायको म्हणते, "तुम्ही टीमचे मॅनेजर आहात की कीर्तनकार?"

मॅनेजर आहे, तेही अपघाताने. बँकेतून रिटायर झालो आणि ओळखीच्या ओळखीने नानांच्या टीमची कागदपत्रं सांभाळायला लागलो. लीग प्रोफेशनल आहे बरं का! खेळाडूंशी करार होतात, रेफरी बाहेरून येतो, आणि नियमांचं चाळीस पानी इंग्रजी पुस्तक आहे. ते अख्ख्या लीगमध्ये मी एकट्यानेच वाचलंय.

नाना आमच्या टीमचे मालक. गाव जासईच्या अलीकडे. वाडवडिलांची मिठागरं होती, शेती होती. आता तिथे कंटेनरचे ढीग उभे आहेत. एक मोठं शेत तेवढं राहिलं, ते नानांनी सपाट करून फुटबॉलला दिलं. मी एकदा विचारलं, "नाना, सगळं गाव क्रिकेटवेडं, तुम्हीच फुटबॉलकडे कसे वळलात?"

नाना म्हणाले, "क्रिकेटमंदी निम्मी पोरां नुसती उभी रातात. हितं समदी पलतात. बघाला बरा वाटतो!"

यापेक्षा चांगलं कारण मी कुठल्या कोचकडूनही ऐकलेलं नाही.

*

नानांचा पुतण्या पिंट्या. वय बत्तीस, अंगात क्रिकेट. त्याला त्या शेतात क्रिकेटचं टर्फ करायचं होतं. यंदा दहा टीमच्या लीगमध्ये आम्ही आठवे आलो, तेव्हा त्याने देवळातल्या गावबैठकीत सगळ्यांसमोर विषय काढला. "नाना, तुमची टीम कंदी जिंकत नाय. मैदान फुकट चाललाय."

नानांना ते लागलं. मांडीवर थाप मारून म्हणाले, "पयल्या आठ टीमची नॉकआउट हाय ना आता? तिच्यान आमची टीम येक जरी मॅच हरली, तर मैदान तुजा!"

गावात नानांचा शब्द म्हणजे शब्द. मी जवळ सरकून हळूच म्हणालो, "नाना, नॉकआउटमध्ये एक टीम सोडून बाकी सगळ्या हरतातच हो!"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "ता आदी सांगाचा ना, सर!"

*

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कागदावर आठ रेघा मारून नॉकआउट समजावून सांगितली. पहिल्या नंबरची टीम आठव्याशी खेळणार, दुसरी सातव्याशी, असं. नानांनी कागद उलटसुलट करून बघितला.

"म्हंजे ते पयले आले, म्हनून त्यांना आमच्यासंगती खेलाचा?"

"हो."

"आनि हरले तर घरी?"

"घरी."

"अरे, त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलाय?"

*

आता ही नॉकआउट घ्यायची कुठे? पनवेलमध्ये मोकळी जागा म्हटली की तिथे एकतर टॉवरची पाटी असते नाहीतर लग्नाचा मांडव. शेवटी लीगने सगळ्या मॅचेस नानांच्या मैदानावर ठेवल्या, दुपारी चार वाजता. आणि इथेच घोटाळा झाला, कारण नानांच्या जमिनीवर जो पाऊल ठेवील तो पाहुणा!

क्वार्टर फायनलला पनवेल शहरातली एक नंबरची टीम एक वाजता बस घेऊन उतरली. वॉर्म-अपसाठी लवकर आले होते बिचारे. काकींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, मैदानाच्या कडेला घातलेल्या मांडवात पानं मांडली होती. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा आणि खाडीतला जिताडा मासा. आमच्याकडे जिताडा साध्यासुध्या पाहुण्याला वाढत नाहीत. त्यांच्या कोचने सुरुवातीला "फक्त सॅलड" असं काहीतरी म्हणून बघितलं. काकी म्हणाल्या, "ता पन देते. आदी ह्या खा."

आमची पोरं घरून डबा खाऊन आली होती. दोन-शून्यने जिंकलो! त्यांचा सेंटर फॉरवर्ड सेकंड हाफमध्ये ऑफसाइड लाइनवर कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि बॉल आला की त्याच्याकडे दुःखाने बघत होता.

आमचे कोच इक्बालभाई मला म्हणाले, "सर, मैंने तीन प्लेयर मार्क करने को बोला था. चाची ने पूरे ग्यारह मार्क कर दिए!"

पनवेलच्या टीमने लीगकडे तक्रार केली. मी चाळीस पानं पुन्हा वाचली. बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत जिताडा कुठेच नव्हता. पण खरं सांगतो, नानांच्या मनात तसलं काही नव्हतंच. तक्रारीचं कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मीठ जास्त झालता काय?"

*

हरेशबद्दल सांगायलाच हवं. हरेश आमचा माइकवाला. मूळचा गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांचा कॉमेंटेटर, त्यामुळे कॉर्नर किक मिळाली तरी तो ओरडायचा, "चेंडू सीमारेषेपार!" ते चालवून घेता येतं. पण आमच्याकडच्या स्पर्धांत एक रीत आहे. कुणी मानाचा माणूस मैदानात आला की हरेश माइकवरून सांगणार, "आगमन झालेलं आहे," खेळ थांबणार, शाल-श्रीफळ होणार, मग खेळ पुढे. लीगच्या मॅचला एकदा आमचा विंगर एकटा गोलसमोर होता आणि हरेशने ग्रामसेवकांचं आगमन जाहीर केलं. पोरगा बॉलवर पाय ठेवून हात जोडून उभा राहिला!

नॉकआउटचा रेफरी मुंबईहून आलेला, कडक. त्याने बजावलं, "माझी शिट्टी वाजेपर्यंत कुणी थांबायचं नाही. मग कुणीही येवो." इक्बालभाईंनी पोरांकडून ते तीनदा वदवून घेतलं. पोरांनी ते पाठ केलं, पण सवय तशीच राहिली.

*

सेमी फायनलला उलव्याची टीम. जिताड्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. त्यांचा मॅनेजर स्वतःची केळी आणि पाण्याचा कूलर घेऊन बसमधून उतरला आणि म्हणाला, "आमचं झालंय जेवण."

नानांचा चेहरा पडला. "माज्या दारान येऊन सोताची केली खातान?"

मांडवात चाळीस माणसांचं जेवण तयार. काकी अन्न टाकत नाहीत. त्यांनी कमरेला पदर खोचला आणि आमच्या टीमला हाक मारली. काकींना नाही कोण म्हणणार? इक्बालभाई मांडवाच्या दारात आडवे उभे राहिले, तर काकींनी त्यांच्याही हातात ताट दिलं.

मॅच शून्य-शून्य. आमचा लेफ्ट बॅक हाफटाइमला बसला तो उठलाच नाही, दुसरा घालावा लागला. पण उलवेवाल्यांच्याही अंगात नुसत्या केळ्यांवर फार जोर उरला नव्हता. शेवटी पेनल्टी शूटआउट. त्यात पळावं लागत नाही, त्यामुळे आम्ही जिंकलो!

मी धावत नानांकडे गेलो. जिंकल्यावर वाजवायला आणलेलं फटाक्यांचं खोकं त्यांच्या पायाशी होतं, आणि त्यांनी त्यावर पाय ठेवला होता.

"नाना, जिंकलो! फायनल!"

"जिंकलो कशे? स्कोअर काय?"

"शून्य-शून्य. पण पेनल्टीवर..."

"ती मॅच संपल्यावर झाली ना? पुस्तकान काय लिवलाय ता सांगा."

आता इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी पुस्तकाबद्दल विचारलं होतं. मला राहवलं नाही. मी डिकीतून पुस्तक काढून मराठी करून वाचून दाखवलं. शूटआउटने फक्त पुढे कोण जाणार हे ठरतं, मॅचची नोंद बरोबरी अशीच राहते.

"मंग जिंकलो नाय," नाना म्हणाले.

"नाही, पण पुढे गेलो."

"जिंकल्याबिगर पुढं गेलो! काय खेल हाय रं बाबा!" आणि खोकं उचलून घरी घेऊन गेले. पोरं नाचत होती, पण नुसत्या टाळ्यांवर.

*

फायनलच्या आधीच्या आठवड्यात पिंट्या टेप घेऊन मैदानावर आला. मधोमध बावीस यार्ड मोजून त्याने चुन्याने दोन रेघा मारल्या. आमची प्रॅक्टिस त्या रेघांच्या दोन्ही बाजूंनी चालली होती. इक्बालभाईंनी पोरांना सांगितलं, "उधर मत देखो," त्यामुळे सगळे तिकडेच बघत होते.

मी नानांना भेटायला गेलो. ते घरी नव्हते. काकी म्हणाल्या, "सकालीच मैदानावर जाऊन उभे रातात. पोरां नसतात, कोन नसतो. उगा बघत रातात."

मला फार वाईट वाटलं. नानांचं वाटलंच, पण स्वतःचंही वाटलं. रिटायर झालेल्या माणसाला दुपारी चारला कुठेतरी जायचं असणं म्हणजे काय, ते रिटायर झाल्यावरच कळतं. काकींना मी म्हणालो, "या रविवारी मॅच बघायला या ना." येईल त्या टीमला त्यांनी जेवू घातलं, पण त्या मांडवातून मैदानापर्यंत कधी आल्याच नव्हत्या.

"भांडी झाली तर येते," काकी म्हणाल्या.

*

फायनलला समोर खारघरची टीम. ती माणसं समजूतदार निघाली. आली, पानावर बसली, पोटभर जेवली. आमची पोरंही त्यांच्या पंक्तीला बसली. त्यामुळे या वेळी सामना बरोबरीचा होता.

पंचविसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला! मग आमची पोरं जिवाच्या आकांताने बॉल अडवत राहिली. पंच्याऐंशी मिनिटं झाली. सत्त्याऐंशी. नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. पिंट्याने हातातली टेप खिशात घातली. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला भांडी झाली.

काकी पदराला हात पुसत साइडलाइनवर आल्या. हरेशने त्यांना बघितलं, आणि इतक्या वर्षांची त्याची सवय माइकमधून बाहेर पडली. "आपल्या सर्वांना ज्यांनी जेवू घातलं, त्या आपल्या काकींचं मैदानात आगमन झालेलं आहे!"

आमचे अकराच्या अकरा थांबले आणि वळून हात जोडले. गोलकीपरने ग्लोव्ह्ज काढून हात जोडले. खारघरवालेही दुपारी काकींच्या हातचं जेवले होते, तेही थांबले. रेफरीची शिट्टी वाजली नव्हती. फक्त त्यांचा मणिपूरचा फॉरवर्ड, आठवड्यापूर्वीच आलेला, मराठीचा एक शब्द न समजणारा, तो बॉल घेऊन पळत राहिला. आपल्याला कुणी अडवत का नाही हे बघायला त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मग हलकेच बॉल जाळ्यात ढकलला.

एक-एक!

इक्बालभाई खाली बसले. कारण कळल्यावर तो फॉरवर्ड बिचारा येऊन काकींच्या पाया पडला. काकींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलास ना रं पोटभर?"

मग शूटआउट. नानांनी ते बघितलंच नाही. मांडवामागे जाऊन, रिकाम्या पातेल्यांकडे तोंड करून उभे राहिले. आमची पाचवी किक त्यांच्या कीपरने अडवली आणि आम्ही हरलो. कप खारघरला गेला. काकी पदर तोंडाला लावून म्हणत होत्या, "माज्यामुलं झाला." हरेशने माइक खाली ठेवला होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

पिंट्या पुन्हा टेप हातात घेऊन मांडवामागे आला. खरं बोलायचं तर त्याची मान खालीच होती. "नाना, तुमी शब्द दिलता."

"दिलता," नाना म्हणाले. "टीम येक जरी मॅच हरली, तर मैदान तुजा. सर, पुस्तक काडा."

मी डिकी उघडली. पुस्तक पहिल्या फटक्यात सापडलं.

"हरेश, माइक दे सरांना. मोठ्यान वाचा, सर. समद्या गावाला आयकू दे."

मी वाचलं, "पेनल्टी शूटआउटने विजेता ठरला, तरी सामन्याचा निकाल अधिकृत नोंदीत बरोबरी असाच धरला जाईल."

पिंट्या माझ्याकडे बघत होता, मग पुस्तकाकडे, मग नानांकडे. शेवटी त्याने हातातली टेप गुंडाळली आणि हळूच विचारलं, "मंग फटाके वाजवू काय, नाना?"

"बरोबरीत कसलं रं फटाके?" नाना म्हणाले. "पाव्हनं थांबल्यात, पानां मांड!"