पावणेपाचाचे साडेसात

१९६६च्या जूनमध्ये एका रात्रीत माझ्या मोठ्या भावाची मिळकत दीडपटीच्या वर गेली. त्यासाठी त्याने काहीही केलं नव्हतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकता शिकता तो तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरी करायचा, आणि इकडे दिल्लीत सरकारने रुपयाची किंमत उतरवली. काल पावणेपाच रुपयांना असलेला डॉलर आज साडेसातला झाला. नागपुरात संत्रा मार्केटजवळच्या भाड्याच्या खोलीत मी रेडिओवर बातमी ऐकली, तेव्हा पहिला विचार देशाचा आला नाही, माझाही आला नाही. दादाचा आला. काय नशीब आहे लेकाचं, असं मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.

माझं नुकसान काय झालं, हे मागाहून ध्यानात आलं. मलाही तिकडे प्रवेश मिळाला होता आणि ऑगस्टअखेर निघायचं होतं. फीपुरते डॉलर विकत घ्यायची सरकारी परवानगी हातात होती. नरखेडकडच्या आमच्या बगीच्यातला, गेल्या पावसाळ्यात धरलेला संत्र्याचा मृग बहार विकून वडिलांनी पैसेही बाजूला काढले होते. मे महिन्यात ते पैसे घेऊन नागपूरला आले आणि आम्ही दोघे बँकेत गेलो. अर्ध्या तासाचं काम होतं.

पण वडिलांचं अख्खं आयुष्य मंडीत गेलेलं. रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून सौदा करणारा माणूस तो, समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मान डोलावणं त्यांना जमतच नसे. काउंटरवर कोपर टेकवून ते अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, जरा ठीक लावा ना. एवढे डॉलर घेऊन राहिलो आम्ही."

अधिकारी भला माणूस होता. तो हसला आणि त्याने समजावून सांगितलं की हा भाव सरकार ठरवतं, त्यात घासाघीस चालत नाही, आणि कित्येक वर्षांत तो जागचा हललेला नाही. मी कपाळाला हात लावला, कारण वडिलांचा चेहरा मला दिसत होता. इतकी वर्षं अडून बसलेला भाव आता उतरणारच, अशी त्यांची खात्री पटली होती.

"थांबतो मी," पायऱ्या उतरताना ते म्हणाले. "आवक वाढली का भाव पडते. मोठ्याच्या वेळेस घाई होती, म्हून जसा सांगितला तसा घेतला. यंदा आपल्यापाशी वेळ आहे."

"बाबा, हे काही संत्रे नाहीत."

"विकत घ्यायची चीज सारी सारखीच असते गा," ते म्हणाले आणि गाडी पकडायला स्टेशनकडे निघाले.

ते थांबले आणि जून आला. बगीच्याचे पैसे तेवढेच राहिले आणि माझं जाणं दीडपट महाग झालं. वडील पुन्हा आले, खाटेवर बसले आणि बराच वेळ चपलांकडे बघत राहिले. मला त्यांची कीव यायला हवी होती. पण मी दादावर जळण्यात इतका गुंतलो होतो की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. भिंतीवर त्याचा ओव्हरकोटातला फोटो होता, बर्फात उभा राहून हसणारा. शाळेपासून मार्क मला जास्त पडायचे. माझ्याआधी दोन वर्षं जन्मला, एवढंच त्याचं कर्तृत्व. त्याच जोरावर तो स्वस्तात गेला, आणि आता बसल्या जागी महाग झाला.

जुलैत दादाचं पत्र आलं. काळजी करू नका, धाकट्याची पहिल्या वर्षाची फी मी इथे भरतो, असं त्याने लिहिलं होतं. मी आनंदलो. मग लगेच आतून चिडलो, कारण आता जन्मभर त्याचे उपकार. तरी म्हटलं, चालेल, एकदा तिथे पोचू दे, मग बघतो.

वडिलांना पत्र लिहायचा कंटाळा, त्यामुळे त्यांचं उत्तर नेहमी मीच लिहायचो. मी पेन घेऊन बसलो.

"लिही," ते म्हणाले. "फी भरू नको. पैसा घरी पाठव. विहिरीवर इंजिन बसवू."

माझा हात थांबला. "काहून बाबा? तो तं माह्यासाठी देऊन राहिला."

"एका डॉलरचे साडेसात होऊन राहिले, अन् तू म्हणतं तिथंच उडवू दे? इतका भाव पुन्हा भेटन का? आता विकून घेतलं पाहिजे." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "इंजिन तुह्यासाठीच आहे ना. बगीचा तुलेच पाहायचा आहे."

मी भांडलो, ओरडलो, जेवलो नाही. पण पैसा दादाचा होता, शब्द वडिलांचा होता, आणि माझं म्हणता येईल असं त्या सौद्यात काहीच नव्हतं. शेवटी पत्र मीच लिहिलं. अक्षर मुद्दाम वाईट काढलं.

दिवाळीआधी विहिरीवर इंजिन बसलं. आमच्या भागात तेव्हा असं इंजिन क्वचितच कोणाकडे असायचं, म्हणून सगळं गाव बघायला लोटलं. पोरगा असावा तर असा, हे त्या दिवशी मी किती तोंडांतून ऐकलं! आई तर दर येणाऱ्याला दादाचा फोटो दाखवत होती. भटजींनी पाट मांडला आणि यजमानाला बोलावलं.

"मोठा नाही," वडील मला म्हणाले. "त्याच्या जागेवर तू बस."

मी बसलो. भटजींनी माझ्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि संकल्पासाठी नाव विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून वडील म्हणाले, "त्याचं सांग."

सगळ्या गावासमोर मी दादाचं नाव सांगितलं. मग भटजींनी गोत्र विचारलं, तेवढं मला माझं सांगता आलं.