टेकाडावरचे कंद

मला कंदीलपुष्पांचं वेड आहे. दोऱ्याएवढा वेल, त्याला कंदिलासारखं फूल आणि मातीखाली सुपारीएवढा कंद. थंड देशांत लोक बर्फातून उगवणाऱ्या पांढऱ्या फुलांचे दुर्मीळ कंद ऑनलाइन जमवतात; सांगलीच्या उन्हात आम्ही वेडे हे जमवतो. घेणारे, विकणारे, मिरवणारे सगळे एकाच ग्रुपवर. कंद कुठून येतात, हे मी कधी विचारलं नाही. कुरिअर आलं की गच्चीत कुंडी भरायची, एवढंच.

ग्रुपवर मला फारसं कुणी विचारत नसे. सगळं विकतचं, त्यात कसली फुशारकी? मग गेल्या भाद्रपदात माहेरी गेले, कवठे महांकाळकडे. माझे वडील, आण्णा, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. त्यांनी मला लहानपणी दाखवलेल्या टेकाडावर अजून ती फुलं होती. कुणाकडेच नसलेली जात. आण्णा भुकेला तो कंद उकरून खायचे, पण वरचा शेंडा परत मातीत लावूनच उठायचे. त्यांच्या वडिलांनी तसंच शिकवलं होतं.

मी फोटो टाकला. शंभर जण धावून आले. जिभेला हाड नसतं, तसं बोटांनाही नसावं. जागा सांगितली नाही, पण गाव सांगितलं आणि वर लिहिलं, 'ठिकाण फक्त आमच्या आण्णांना ठाऊक!'

दिवाळीनंतर ग्रुपवर जाहिरात आली: अतिदुर्मीळ, मोजकेच कंद. दुसरं कुणी घेईल म्हणून आधी दोन मागवले आणि मग फोटो मोठा करून पाहिला. एका तळहातावर कंद ठेवले होते. त्या हाताचा अंगठा अर्धाच होता. लोकर कातरताना आण्णांचा अंगठा तुटला, तेव्हा मी शेजारीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. टेकाडावर नुसते खड्डे होते. आण्णा माझ्यामागून काठी टेकत आले.

"आण्णा, कोण आलं होतं?"

"आगं, तुजीच माणसं की. मोबाइलात तुजा फोटू दावला. तुज्या नावानं आली म्हून म्या सोता घिऊन आलो वर."

"सगळे नेले?"

"शेंडं परत लावा म्हनलं. व्हय व्हय म्हनली. दुसऱ्या दिशी बगतोय तर समदं खांदल्यालं." ते एका खड्ड्याशी वाकले, हाताने माती सारखी करू लागले. "लय वाईट वाटलं. पर तुजी माणसं, म्हून काय बोललो न्हाई."

मला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं. शिव्या कुणाला द्यायच्या? नाव माझं, गाव मी सांगितलेलं, गिऱ्हाईकही मीच.

"आता तुज्या गच्चीत हाईत न्हवं?" त्यांनी विचारलं.

दोन येणार होते. बाकीचे कुणाकुणाकडे गेले, देव जाणे. त्यांच्या तोंडाकडे बघून मी हो म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "घरातच हाईत म्हनायचं."